बोरिवली मतदारसंघाची गोष्ट: उपनगरातल्या मताचं वजन कसं ठरतं

महाराष्ट्रात विधानसभेचे 288 मतदारसंघ आहेत. नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याचा क्रमांक 1, सांगलीतल्या जतचा 288. या यादीत बोरिवली 152 व्या क्रमांकावर येतं आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचे मतदारसंघ तिथून सुरू होतात. त्याच्या पुढे दहिसर, मग मागाठाणे. 2009 पूर्वीच्या यादीत ही दोन्ही नावं नव्हती. तोपर्यंत बोरिवली हा मुंबईचा उत्तरेकडचा शेवटचा मतदारसंघ होता आणि दहिसर त्याच्याच पोटात होतं.

एका मतदारसंघाच्या जागी तीन का झाले, हे समजून घेतलं की मतदारसंघांची पुनर्रचना हा क्लिष्ट वाटणारा विषय बराचसा उलगडतो. आपल्या मताला विधानसभेत किती वजन आहे, हे या पुनर्रचनेवरच ठरतं. उपनगरात राहणाऱ्यांनी तर हा विषय नीट समजून घ्यायलाच हवा, कारण तीस वर्षं त्यांचं मत हलकं राहिलं आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही.

बोरिवली मुळात साष्टी बेटावरचं. एक्सर, शिंपोली, वझिरा, बाभई, मागाठाणे ही इथली जुनी गावं. एक्सरचे वीरगळ शिलाहारकाळातले, मंडपेश्वराची लेणी त्याहून जुनी, आणि डोंगरात आत कान्हेरी. आगरी, कोळी, ईस्ट इंडियन, वारली अशी इथली मूळची वस्ती. 1928 च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली लोकल विजेवर धावू लागली, पण बोरिवली तेव्हा मुंबईत नव्हतं. महापालिकेची हद्द 1950 मध्ये पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि मध्य रेल्वेच्या बाजूला भांडुपपर्यंत गेली. दहिसर आणि मुलुंड मुंबईत आले ते 1 फेब्रुवारी 1957 ला. म्हणजे विजेची लोकल आधी पोचली आणि पालिका जवळपास तीस वर्षांनी. त्यानंतर वाढत गेलेल्या लोकसंख्येच्या प्रमाणात विधानसभेतल्या जागा मिळायला तर 2008 साल उजाडावं लागलं.

मतदारसंघ आखण्यामागचं तत्त्व साधं आहे. घटनेच्या कलम 170 नुसार राज्यातल्या प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या, शक्य असेल तितकी, सारखी असावी. 1971 च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे 5 कोटी 4 लाख होती. तिला 288 ने भागलं की एका आमदारामागे साधारण 1 लाख 75 हजार माणसं येतात. त्याच जनगणनेत मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, 30 लाख 70 हजार लोक होते आणि उपनगरांत 29 लाख. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. म्हणून 1970 च्या दशकातल्या आखणीत मुंबईच्या 34 जागांपैकी 17 शहराला आणि 17 उपनगरांना मिळाल्या. तो हिशोब अगदी चोख होता. 1978 ची विधानसभा निवडणूक या आखणीवर झाली.

पुढची आखणी 1981 च्या जनगणनेनंतर व्हायला हवी होती. ती झाली नाही, आणि याचं कारण मुंबईत शोधून सापडणार नाही. 1976 साली, आणीबाणीच्या काळात, 42 वी घटनादुरुस्ती झाली. लोकसभेच्या जागा राज्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. मग ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं, त्यांच्याच जागा कमी होणार का, असा तेव्हा पेच होता. त्यावर तोडगा म्हणून 2000 सालानंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जागावाटप 1971 च्या आकड्यांवर गोठवलं गेलं.

दोन राज्यांमधल्या जागावाटपाचा प्रश्न खरा होता आणि तो गोठवण्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पण त्या दुरुस्तीनं राज्याच्या आतल्या सीमाही गोठवल्या. महाराष्ट्राच्या 288 जागा तशाच ठेवून परळची एखादी जागा बोरिवलीकडे सरकवली असती, तर तमिळनाडू किंवा बिहारला त्याचा काहीही फरक पडला नसता. तरीही तेवढीसुद्धा मुभा राहिली नाही. माझ्या मते ही त्या दुरुस्तीतली गंभीर चूक होती आणि तिची किंमत देशभरातल्या वाढत्या शहरांच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी मोजली.

कारण नेमकी हीच तीस वर्षं मुंबई आतून रिकामी होऊन उत्तरेला सरकण्याची होती. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळींत एका खोलीत दोन-तीन संसार होते. मुलांची लग्नं झाली की एक बिऱ्हाड कांदिवली, बोरिवली, दहिसर, नाहीतर मुलुंड, भांडुपला जायचं. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगाव विस्कटलं आणि हा ओघ वाढला. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्यानं चारकोप, गोराई, मालवणी इथे भूखंड पाडून मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. सहकारी गृहनिर्माण संस्था, म्हाडाच्या इमारती, डोंगरउतारावरच्या झोपडपट्ट्या, सगळंच वाढत गेलं.

2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 33 लाख 38 हजार भरली. तीस वर्षांत वाढ तीन लाखांच्या आतबाहेर. उपनगरं 29 लाखांवरून 86 लाख 40 हजारांवर गेली होती. जागा मात्र तशाच, 17 आणि 17. शहरात एका आमदारामागे सरासरी 1 लाख 96 हजार माणसं, उपनगरांत 5 लाख 8 हजार. परळहून बोरिवलीला बिऱ्हाड हलवलेल्या कुटुंबाच्या मताचं वजन, नकाशावरची एक रेषाही न हलता, सरासरीनं जवळपास दोन-पंचमांशावर आलं. ठाणे जिल्ह्यात स्थिती याहून वाईट होती. तिथे 81 लाखांवर लोक आणि 13 आमदार, म्हणजे एकामागे सव्वासहा लाख.

याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. आमदाराला मिळणारा स्थानिक विकास निधी राज्यभर सारखाच असतो. दोन लाख लोकांचा आमदार असो की पाच लाखांचा, रक्कम तीच. विधानसभेत प्रश्न मांडायची संधी दोघांना सारखी. पाणी, रस्ते, झोपडपट्टी पुनर्वसन, लोकलची गर्दी हे सगळे प्रश्न उपनगरांत दरवर्षी वाढत होते आणि ते मांडणारी माणसं वाढत नव्हती. मंत्रिमंडळ ठरताना, पक्षात वजन मोजताना आमदारांची संख्याच पाहिली जाते. तीस वर्षं ती संख्या परळ-गिरगावची गर्दी धरूनच चालली.

या गोठलेल्या काळातली बोरिवली राजकीयदृष्ट्या फार ठाशीव होती. 1978 मध्ये जनता पक्षाकडून राम नाईक इथून निवडून आले. 1980 मध्ये भाजपची स्थापना झाल्यावर त्याच वर्षीच्या निवडणुकीत आणि पुन्हा 1985 मध्ये ते भाजपकडून जिंकले. 1980 ला भाजपचे राज्यात जेमतेम 14 आमदार होते, त्यांतला एक बोरिवलीचा. नाईकांचं सार्वजनिक काम लोकलच्या प्रवाशांतून उभं राहिलं होतं. 1964 मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला होता. उपनगरात नेता कसा घडतो याचं हे चांगलं उदाहरण आहे. इथल्या माणसाचा दिवस गाडीच्या वेळापत्रकानं बांधलेला, तेव्हा फलाटावरचा प्रश्न हाती घेणारा माणूस घराघरांत पोचतो. 1989 मध्ये ते लोकसभेवर गेले आणि सलग पाच वेळा निवडून आले. 2004 मध्ये अभिनेते गोविंदा यांनी त्यांना हरवलं.

त्यांच्यानंतर बोरिवलीतून हेमेंद्र मेहता आणि मग 2004 आणि 2009 ला गोपाळ शेट्टी, दोघेही भाजपचे. मराठी मध्यमवर्ग आणि गुजराती व्यापारी कुटुंबं एकाच सोसायटीत राहतात असा हा भाग. दोन्हींना धरून ठेवणाऱ्या पक्षाला तो अनुकूल राहिला.

गोठलेला हिशोब सुटायला दोन घटनादुरुस्त्या लागल्या. 2002 मध्ये अमलात आलेल्या 84 व्या दुरुस्तीनं राज्यांच्या जागांची एकूण संख्या 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत तशीच ठेवली, पण राज्याच्या आत सीमा नव्यानं आखायला परवानगी दिली. आधी त्यासाठी 1991 ची जनगणना धरायची होती. 2003 च्या 87 व्या दुरुस्तीनं ती बदलून 2001 ची केली. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग नेमला गेला. परिसीमन म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आखण्याचं काम.

आयोग काम कसं करतो, तेही पाहू. आधी राज्याची लोकसंख्या भागिले 288. 2001 च्या आकड्यांनी ही सरासरी सुमारे 3 लाख 36 हजार आली. मग प्रत्येक जिल्ह्याला त्याच्या लोकसंख्येप्रमाणे जागा. मग जिल्ह्याच्या आत सीमा. त्या आखताना मतदारसंघ सलग हवा, नदी, डोंगर, रेल्वेमार्ग यांचं भान हवं, पालिकेचे प्रभाग उगाच तुटायला नकोत, लोकांना ये-जा सोयीची हवी. सरासरीपासून साधारण 10 टक्के इकडेतिकडे चालतं. एक विधानसभा मतदारसंघ पूर्णपणे एकाच लोकसभा मतदारसंघात यावा लागतो. महाराष्ट्रात 48 खासदार आणि 288 आमदार, म्हणून प्रत्येक खासदाराखाली बरोबर सहा विधानसभा क्षेत्रं. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात. ते सूचना करू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यायला हवी. हिशोब लोकसंख्येचा असतो, मतदारांचा नव्हे. जनगणनेत माणूस जिथे राहतो तिथे मोजला जातो, लहान मुलांसकट. मतदारयादीत नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं. उपनगरातले अनेक चाकरमानी नाव गावच्या यादीतच ठेवत आले. त्यांची मोजणी बोरिवलीत झाली आणि मत पडलं कोकणात. त्यामुळे मतदारांच्या आकड्यांवरून मतदारसंघ लहान-मोठा ठरवायला गेलं की फसगत होते.

फेब्रुवारी 2008 मध्ये नवी रचना लागू झाली. मुंबईच्या एकूण जागा 34 वरून 36 झाल्या, पण आतली उलथापालथ त्याहून कितीतरी मोठी होती. शहर 17 वरून 10 वर आलं, उपनगरं 17 वरून 26 वर गेली. शहरात एका आमदारामागे 3 लाख 34 हजार, उपनगरांत 3 लाख 32 हजार. 1971 नंतर पहिल्यांदाच हिशोब जुळला. ठाणे जिल्हा 13 वरून 24 वर पोचला.

जागा एकीकडे वाढल्या म्हणजे दुसरीकडे गेल्या. शहराच्या यादीतून उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर आणि माटुंगा ही दहा नावं पुसली गेली. मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले तेव्हा ते दादरचे आमदार होते. तो मतदारसंघ आज नाही. छगन भुजबळांचं माझगावही नाही. कोकणातही तसंच झालं. रत्नागिरी जिल्ह्यातून खेड आणि संगमेश्वर गेले. रामदास कदम खेडमधून चार वेळा निवडून आले होते. मतदारसंघच उरला नाही म्हणून 2009 ला ते गुहागरमधून उभे राहिले आणि हरले.

कोकणातल्या लोकांना याचं वाईट वाटलं आणि ते मला पूर्ण पटतं. डोंगराळ तालुक्यात मतदारसंघ मोठा झाला की आमदाराला गाठणं खरोखर अवघड होतं. पण या जागा कुठे गेल्या, हेही पाहायला हवं. खेड-संगमेश्वरची माणसं दोन-तीन पिढ्या आधी परळ-लालबागला आली, तिथून त्यांची मुलं बोरिवली-दहिसर, नालासोपाऱ्याला गेली. माणसांच्या मागून जागा गेल्या, फक्त तीस-चाळीस वर्षं उशिरानं. गणपतीला बोरिवलीहून सुटणाऱ्या कोकणच्या एसट्या पाहिल्या की हा हिशोब डोळ्यांना दिसतो.

आता बोरिवलीत काय झालं ते. जुन्या मतदारसंघाचा उत्तरेकडचा भाग दहिसरकडे गेला. पूर्वेला द्रुतगती महामार्गाच्या आणि राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूचा मोठा भाग मागाठाण्यात गेला. बोरिवली नावाचा मतदारसंघ आता मुख्यतः पश्चिमेचा, आधीपेक्षा बराच आटोपशीर झाला. शेजारच्या जुन्या कांदिवलीच्या जागी चारकोप आणि कांदिवली पूर्व अशी नावं आली. मालाड पश्चिम धरून हे सहाही मतदारसंघ मुंबई उत्तर लोकसभेत येतात.

सीमा बदलल्यावर राजकारण कसं बदलतं, ते ऑक्टोबर 2009 च्या निकालात स्पष्ट दिसलं. बोरिवलीत भाजपचे गोपाळ शेट्टी जिंकले, दहिसरला शिवसेनेचे विनोद घोसाळकर आणि मागाठाण्यात मनसेचे प्रवीण दरेकर. जुन्या एकसंध बोरिवलीतून तीस वर्षं एकाच राजकीय परंपरेचा आमदार जात होता. त्याच पट्ट्यातून आता तीन पक्षांचे तीन आमदार गेले. वस्तीचा पोत पश्चिमेला वेगळा, महामार्गालगत वेगळा, दहिसर नदीकाठी वेगळा. मोठ्या मतदारसंघात हे फरक एकमेकांत विरून जायचे, लहान मतदारसंघात ते वर आले. मनसेनं त्या वर्षी राज्यात 13 जागा जिंकल्या, त्यांतल्या सहा मुंबईत. त्या सहांपैकी मागाठाणे, विक्रोळी, भांडुप पश्चिम आणि घाटकोपर पश्चिम या चार उपनगरातल्या, आणि चारही नावं नव्या आखणीत आलेली. जुन्या सीमा असत्या तर हा पक्ष इतक्या ठिकाणी जिंकला असता का, याबद्दल मला दाट शंका आहे.

पुढे 2014 मध्ये युती तुटली, दहिसर भाजपच्या मनीषा चौधरींकडे आणि मागाठाणे शिवसेनेच्या प्रकाश सुर्वेंकडे गेलं आणि 2024 पर्यंत ती दोन्ही नावं टिकली. बोरिवलीत मात्र दर वेळी उमेदवार नवा: 2014 ला विनोद तावडे, 2019 ला सुनील राणे, 2024 ला संजय उपाध्याय. तिघेही भाजपचे, तिघेही निवडून आले. 2024 ला उमेदवारी बाहेरच्याला मिळाल्याच्या नाराजीतून गोपाळ शेट्टींनी अपक्ष अर्ज भरला आणि नंतर मागे घेतला. एखादा मतदारसंघ एका पक्षासाठी फार सुरक्षित झाला की खरी निवड तिकीटवाटपात होऊन जाते आणि मतदाराच्या हाती फक्त शिक्का मारणं उरतं. सीमा कितीही न्याय्य आखल्या तरी हा प्रश्न सुटत नाही. बोरिवलीकरांनी आपल्या आमदाराची निवड नेमकी कुठे होते, हा प्रश्न पक्षाला विचारायला हवा असं मला वाटतं.

दरम्यान आकडे पुन्हा बिघडू लागलेत. 2011 च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या कमी होऊन 30 लाख 85 हजार झाली, उपनगरांची 93 लाख 57 हजार. एका आमदारामागे शहरात 3 लाख 9 हजार, उपनगरांत 3 लाख 60 हजार. पण आता खरी वाढ बोरिवली-दहिसरच्याही पुढे गेली आहे. 2024 च्या विधानसभेला चिंचवड आणि पनवेलमध्ये मतदारांचीच संख्या सहा लाखांच्या पुढे होती, आणि मुंबईतल्या वडाळ्यात दोन लाखांच्या थोडी पुढे. जे 2001 मध्ये परळ आणि बोरिवलीत होतं, तेच आता वडाळा आणि पनवेलमध्ये आहे. बोरिवलीतली घरं न परवडणारी पुढची पिढी मिरा-भाईंदर, वसई, नालासोपारा, विरारला गेली आणि मताचं हलकेपण तिच्याबरोबर गेलं.

पुढची जनगणना 2027 ची. 84 व्या दुरुस्तीतली मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेची, म्हणजे हीच ती जनगणना. देशपातळीवर उत्तर विरुद्ध दक्षिण हा वाद त्यात सर्वांत मोठा असेल आणि चर्चा बहुतेक त्याचीच होईल. 1976 मध्ये असंच झालं होतं: राज्याराज्यांतल्या वादात राज्याच्या आतल्या अन्यायाकडे कुणी पाहिलं नाही. लोकसभेच्या जागांचा निर्णय काहीही होवो, राज्याच्या आतल्या सीमा दर जनगणनेनंतर हलल्या पाहिजेत. या दोन गोष्टी एकत्र बांधायचं काहीच कारण नाही, आणि 2002-03 च्या दुरुस्त्यांनी त्या वेगळ्या करता येतात हे दाखवून दिलेलं आहे.

सामान्य नागरिकाला यात हात घालता येतो तो एकाच टप्प्यावर. आयोग आपला मसुदा राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करतो, हरकती मागवतो आणि जाहीर सुनावण्या घेतो. आपली वसाहत रेल्वेच्या किंवा नाल्याच्या चुकीच्या बाजूला टाकली आहे, एकाच प्रभागाचे दोन तुकडे झालेत, असं काही असेल तर ते नकाशा आणि लोकसंख्येच्या आकड्यांसह तेव्हाच लिहून द्यावं लागतं. अंतिम आदेश निघाला की विधानसभेलाही त्यात बदल करता येत नाही. घटनेच्या कलम 329 मुळे न्यायालयात जाण्याची वाटही जवळपास बंद होते. अगदी उघड मनमानी झाली असेल तर न्यायालय लक्ष घालू शकतं, इतकीच फट सर्वोच्च न्यायालयानं 2024 मध्ये मोकळी ठेवली आहे.